मागे अजून एक होती

चार-पाच वर्षांपूर्वीची जानेवारीतील एक रात्र. उसाचा गळीत हंगाम ऐन भरात होता. साडेअकराच्या सुमारास तीन ऊसतोड मजूर एका तरुणाला रिक्षात घालून पलसाण्याच्या माझ्या दवाखान्यात घेऊन आले. तरुण नवापूरकडचा, वय बावीस, कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कामाला. उजव्या पायाचे हाड मांस फाडून बाहेर आलेले, वरचा जबडा हलता, आणि डाव्या डोळ्याच्या जागी काय उरले आहे ते पाहण्यासाठी रक्त पुसणे भाग होते. प्रथमोपचार करून, नस लावून त्याला सुरतेस पाठविण्याच्या गडबडीत मी सवयीने विचारले, "कसा रे पडलास?" तोंडातील रक्तामुळे त्याचे शब्द नीट फुटत नव्हते, तरीही तो अहिराणीत एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत राहिला : "मांगे अजून एक व्हती."

त्या वाक्याचा अर्थ मला दोन दिवसांनी उमगला. शेतरस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणारा उसाचा ट्रॅक्टर त्याने पाहिला होता. शहाण्या माणसासारखी त्याने मोटारसायकल थांबविली, ट्रॅक्टर जाऊ दिला, उसाने भरलेली ट्रॉली जाऊ दिली, आणि ट्रॉलीचा मागचा कोपरा समोरून सरकताच गाडी पुढे घेतली. त्या ट्रॉलीमागे आणखी एक ट्रॉली जोडलेली होती. तिला दिवा नव्हता, लाल काच नव्हती, काहीही नव्हते. दोन ट्रॉल्यांमध्ये असलेल्या पाच-सहा फुटांच्या मोकळ्या जागेत तो शिरला. जोडणीच्या लोखंडाने त्याचा पाय मोडला आणि बाहेर डोकावणाऱ्या उसाच्या बुडख्यांनी चेहरा. पाय वाचला, जबडा बसला. डोळा मात्र गेला.

मी केसपेपरवर 'रस्ता अपघात' असे लिहून खाली सही केली होती. त्या दोन शब्दांत काय काय हरवते याविषयी मला या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडे लिहावयाचे आहे. विषय वैद्यकीय नाही असे काही वाचकांस वाटेल. माझ्या मते तो पुरता वैद्यकीय आहे.

मित्रहो, येथून मी तुम्हांला क्षणभर फार दूर नेणार आहे, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू मला पलसाण्यात नव्हे तर अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसली. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयतां डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या भाच्याकडे गेलो होतो. एके दिवशी त्याने आम्हांला उत्तरेस मॅकिनॉचा प्रसिद्ध झुलता पूल दाखविण्यास नेले. वाटेत विश्रांतीच्या थांब्यावर एक अजब गाडा उभा होता. पुढे दणकट पिकअप गाडी. तिच्या पाठीवर नाक टेकवून उभे असलेले, आपल्या दोन खोल्यांच्या घराएवढे चाकांवरचे घर. आणि त्या घराच्याही मागे जोडलेल्या छोट्या गाड्यावर एक पांढरी शुभ्र मोटारबोट. आगगाडीच म्हणा ना! चालक निवृत्त गृहस्थ होते, पत्नीसह सरोवरावर मासे धरावयास निघालेले. माझे कुतूहल पाहून त्यांनी सगळी रचना हौसेने समजावून दिली आणि शेवटी खिशातून आपला वाहनपरवाना काढून त्यावरील 'आर' हे अक्षर अभिमानाने दाखविले. पिकअपमागे असे राहते घर आणि त्याच्याही मागे आणखी एक वाहन ओढावयाचे असेल तर मिशिगनमध्ये परवान्यावर हा वेगळा शेरा लागतो, आणि तो मिळविण्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते. भाच्याने नंतर सांगितले की, प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. काही राज्यांत अशी दुहेरी जोडणी चालते, तर काहींत तिला साफ मनाई आहे.

त्या घराला तिकडे 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळातील. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे चक्र बसवीत. जमिनीवरची चार आणि हे पाचवे. त्याच तत्त्वावर त्या घराचे नाक पिकअपच्या मागच्या आसाच्या बरोबर वर, किंवा किंचित पुढे, टेकलेले असते. घराच्या वजनाचा साधारण पंधरा ते पंचवीस टक्के भार पुढच्या गाडीवर येतो, ती रस्त्यावर दाबून बसते आणि मागचे धूड सहसा हेलकावे खात नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही 'सेमी-ट्रेलर'ची व्याख्या याच अर्थाची आहे : ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो व ज्याचे काही वजन ते वाहन वाहते.

बोट जोडताच मात्र हे गणित बदलते. ती घराच्या अगदी शेपटाला, चाकांच्या बऱ्याच मागे, अडकविलेली असते. तिचे वजन घराची शेपटी खाली दाबते, म्हणजेच नाक वर उचलते. पिकअपवरचा जो भार स्थैर्य देत होता तो तेवढ्याने कमी होतो. शिवाय चालकाने पुढे चाक जरासे वळविले की तो झोका मागे जाताना वाढत जातो. लहानपणी आपण एकमेकांचे सदरे धरून आगगाडी-आगगाडी खेळत असू. पुढचा मुलगा सहज वळे आणि शेवटचा चिमुरडा भिंतीवर आदळे. तेच हे. गृहस्थ म्हणाले की, हा गाडा मागे घेणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून पेट्रोल भरण्यापूर्वीही ते बाहेर पडण्याची वाट आधी हेरून ठेवतात. वारा जोरात असेल तर मॅकिनॉच्या पुलावर अशा उंच व ओढीच्या वाहनांना थांबवून ठेवतात किंवा सोबत देऊन पलीकडे नेतात. त्यांच्या घराला स्वतःचे ब्रेक होते, बोटीच्या गाड्याला स्वतंत्र दिवे होते, आणि जोडणी सुटलीच तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या होत्या. हे सारे कशासाठी? सुटीत मासे धरण्यासाठी!

परतीच्या वाटेवर मोटारीत बसल्याबसल्या मला आपले दक्षिण गुजरातेतले ट्रॅक्टर आठवत राहिले. नवापूरचा तो तरुण तेव्हा माझ्या आयुष्यात यावयाचा होता. तरी हिवाळ्यातल्या रात्री कशा असतात ते मला ठाऊक होतेच.

पलसाण्याला राहणाऱ्यांना हे सांगावयास नको, पण सुरत शहरातील आणि बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे पूर्वीचा आठ नंबर व आताचा अठ्ठेचाळीस, आणि हजीऱ्याहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा, पूर्वीचा सहा नंबर व आताचा त्रेपन्न, हे दोन्ही रस्ते पलसाण्याशी भेटतात. भोवताली सहकारी साखर कारखाने : चलथाण आमच्याच तालुक्यात, बारडोली हाकेच्या अंतरावर, मढी थोडे पुढे. दिवाळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात, रस्त्याकडेला पडाव पडतात. तोडणीच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते हे आम्हां डॉक्टरांच्या आता कानाला खटकतसुद्धा नाही. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या या हंगामी मजुरांचा अभ्यास करून त्यांच्या हलाखीवर लिहिले, त्यालाही आता जवळजवळ अर्धशतक झाले. मजूर आपल्याच भाषेचा आहे, मिलमधून परतणारा मोटारसायकलवालाही बहुधा आपल्याच भाषेचा आहे, आणि दोघांची गाठ रात्री त्या ट्रॉलीपाशी पडते.

ट्रक आणि एका ट्रॉलीचे ट्रॅक्टर येथे पुष्कळ आहेत. दोन ट्रॉल्यांचेही दिसतात. कोल्हापूर-सांगलीकडे तर हंगामात ही जोडी रस्त्यावरचे नित्याचे दृश्य असते. आता साधा हिशेब करू. एका भरलेल्या ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस सहज असतो. दोन ट्रॉल्या आणि त्यांचे लोखंड धरले की ट्रॅक्टरमागे वीस टनांच्या घरात बोजा जातो. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. आपल्याकडच्या बहुतेक शेती-ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, आणि ट्रॅक्टरचा ब्रेक सामान्यतः त्याच्या मागच्या दोन चाकांनाच असतो. म्हणजे तो सारा डोलारा थांबविण्याचे काम दोन चाकांकडे. त्यातही ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पायपट्ट्या खिटीने एकत्र जोडावयाच्या असतात. खिटी विसरली आणि घाईत एकच पट्टी दाबली गेली, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचा भार त्याला ढकलत नेतो. ओढणाऱ्याचे वजन एक भाग, ओढल्या जाणाऱ्याचे आठ-नऊ भाग. मिशिगनच्या त्या गृहस्थांनी हे प्रमाण ऐकले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता.

हा झाला वजनाचा प्रश्न. माझ्या मते दुसऱ्या ट्रॉलीचा खरा धोका मात्र वजनात नाही. तो असा की ती तेथे असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. ट्रॅक्टर म्हटले की एक ट्रॉली, हे चित्र आपल्या डोळ्यांत पक्के बसलेले असते. डोळा पाहतो त्यापेक्षा मन जे धरून चालते त्यावर हात गाडी हाकतो. पुढून येणाऱ्याला ट्रॅक्टरचा दिवा दिसतो; आडव्या रस्त्यावरच्याला पहिली ट्रॉली दिसते; ती गेली की त्याच्या लेखी सगळे गेले. मागून येणाऱ्याची गोष्ट आणखी वाईट. ताशी साठ किलोमीटर वेगाची मोटारसायकल आणि ताशी पंधराने रांगणारा ट्रॅक्टर यांतील अंतर सेकंदाला साडेबारा मीटर या गतीने कमी होते. धुळीने माखलेली, दिवा नसलेली ट्रॉली पंचवीस-तीस मीटरवर दिसली असे धरा. हाती सेकंद उरतात दोन-सव्वादोन, आणि त्यांतील दीडएक तर 'हे काय आहे' हे उमगण्यातच जातात. धडक नेमकी कोठे बसते? ट्रॉलीचा मागचा लोखंडी काठ आणि उसाची टोके चालकाच्या छातीच्या व चेहऱ्याच्या उंचीवर असतात. रेने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने १९०१ मध्ये चेहऱ्याच्या वरच्या हाडांच्या मोडण्याच्या ज्या रेषा दाखविल्या, त्या आम्ही पुस्तकात पाठ केल्या; हंगामात त्या पलसाण्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

माझे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, "दुसऱ्या ट्रॉलीवर सरसकट बंदी घाला, विषय संपला." मला ते पटत नाही. तोडलेला ऊस उन्हात सुकतो, वजन घटते आणि दर तर टनावर, कारखान्याच्या आवारात रांगेत तासन्‌तास जातात, डिझेल महाग. ज्याच्या पोटाचा हिशेब फेऱ्यांवर आहे तो एका फेरीत दोन ट्रॉल्या नेणारच. उद्या एकच ट्रॉली ठरविली तर रस्त्यावरच्या फेऱ्या दुप्पट होतील आणि तोच चालक, जो आताच अर्धवट झोपेत असतो, दुप्पट रात्री जागेल. अंधार पडल्यावर महामार्गावर दुहेरी जोडणी नको, एवढी बंदी मात्र मी मागेन. दिवसा, शेतरस्त्यावर, हळू चालीने ती चालू द्यावी.

कायदा काय करतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीला मर्यादा घातली आहे, ती अठरा मीटरच्या आसपास. गंमत अशी की ट्रॅक्टर साडेतीन मीटर आणि आकड्यासह प्रत्येक ट्रॉली पाच मीटर धरली तर ही जोडी त्यात आरामात बसते. फूटपट्टी तिला पकडू शकत नाही. हंगामाच्या आरंभी परिवहन खाते व पोलीस लाल कापड, रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा काढतात, छायाचित्रे छापून येतात. ते काम चांगलेच आहे. पण महिन्याभरात कापड पाचोळ्याने झाकले जाते किंवा उसाबरोबर ओरबाडून निघते. दिव्याची तारही टिकत नाही. कारखान्यात ट्रॉली सोडवून रिकामी करताना ती तुटते आणि पुन्हा कोणी जोडीत नाही. एका चालकाने मला हे समजावून दिले, तोवर मी त्याला निष्काळजी समजत होतो.

म्हणून मला वाटते, तपासणीची जागा रस्ता नसून कारखान्याचा वजनकाटा आहे. प्रत्येक ट्रॉलीला, पहिलीला आणि दुसरीला, त्या काट्यावर थांबावेच लागते. तेथे दोन मिनिटांत मागचा दिवा, बाजूची व मागची चमकती पट्टी, जोडणीची मूळ पिन आहे की बांधकामाची सळई घातली आहे, आणि पिन निसटल्यास धरणारी साखळी, एवढे पाहता येईल. नसेल तर पावतीवर शेरा. तीन शेरे झाले की पुढची फेरी दुसऱ्या ट्रॉलीशिवाय. सहकारी कारखाना सभासदांचा असतो, आणि आपल्यापैकी कित्येकांचे रुग्ण, स्नेही, शेजारी त्याचे सभासद आहेत. वाहतुकीच्या करारात हे कलम घाला, असे त्यांना आपण सांगू शकतो. तारेला पर्याय म्हणून लोहचुंबकाने चिकटणारे बॅटरीचे लाल दिवे काट्यावर द्यावेत व रिकाम्या ट्रॉलीबरोबर परत घ्यावेत. दसऱ्याच्या आधी चालकांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग व्हावा. त्यात ब्रेकची ती खिटी तरी दाखवावी. मासे धरणाऱ्याला परीक्षा असते, ऊस वाहणाऱ्याला अर्धा दिवस शिकविणे जड जाऊ नये. नव्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असणे ही खर्चाची गोष्ट आहे. ती लगेच होणार नाही हे मी जाणतो, पण कर्ज देणाऱ्या बँकेने ती अट घालावी, असे म्हणावयास काय हरकत आहे?

आता आपल्याकडे. त्या रात्री तरुणाला घेऊन आलेले तिघे मजूर त्याला खाटेवर ठेवून दाराशी घुटमळले आणि मी वळून पाहीपर्यंत निघूनही गेले. पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले असून अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, मीही नाही. माझ्या दवाखान्याच्या दारावर आता ते गुजराती, मराठी व हिंदीत लिहिलेले आहे. अहिराणीतही लिहावे, अशी सूचना माझ्या कंपाउंडरने केली आहे, आणि ती योग्य आहे.

राहिला केसपेपर. 'रस्ता अपघात' लिहून आपण मोकळे होतो. रोगनिदानाच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीत मोटारसायकलस्वाराची जड वाहनाशी टक्कर याला व्ही-२४ हा क्रमांक आहे; ते वाहन उभे होते की चालते, दिवा होता की नव्हता, मागे दुसरे काही जोडलेले होते का, यांना तेथे खण नाही. केंद्र सरकारच्या ई-डार या अपघात-नोंदणीत रुग्णालयांचाही भाग आहे, परंतु आपण जे विचारीत नाही ते तेथे पोहोचणार कसे? तालुक्यात एका हंगामात दुसऱ्या ट्रॉलीमुळे किती माणसे जायबंदी होतात, हे मी आज अधिकाऱ्याला सांगू शकत नाही, आणि याचे कारण मीच आहे. वीस वर्षे मी विचारले नाही. आपल्यापैकी काही जण म्हणतील, "आपले काम टाके घालण्याचे, वाहने मोजण्याचे नव्हे." पटकीच्या काळात विहिरी कोणी मोजल्या होत्या?

मी एक रबरी शिक्का करून घेतला आहे. त्यात चार ओळी आहेत : धडक कशाशी, समोरचे वाहन चालते की उभे, मागे दिवा वा पट्टी होती का, ओढलेली वाहने किती. भरावयास अर्धा मिनिट लागतो, आणि शुद्धीवर असलेला रुग्ण किंवा त्याला आणणारा माणूस बहुतेक वेळा सारे नीट सांगतो. गेल्या हंगामापासून माझ्या दवाखान्यात तो वापरात आहे. पलसाणा, कडोदरा, बारडोली आणि व्याऱ्यापर्यंतच्या आपल्या सभासदांपैकी आठ-दहा जणांनी जरी एक हंगाम तो उमटविला, तरी कारखान्यांच्या संचालकांपुढे ठेवण्याजोगा कागद तयार होईल. शिक्क्याच्या बारा प्रती माझ्याकडे तयार आहेत. तोडकऱ्यांच्या टोळ्या दिवाळीनंतर येतील. त्याआधीच्या मासिक सभेला मी त्या घेऊन येईन.